दामू खोडावरून उतरत नाही

"आज ती इथनं हलली पायजे. उद्या पाहुणे येणार, आणि मी त्यांना लोखंडात बसवून पोहे देणार नाय!" रखमाबाई म्हणाल्या आणि हातातली केरसुणी त्यांनी ट्रकच्या मडगार्डवर आपटली. मडगार्डवरची धूळ उडाली ती त्यांच्याच तोंडावर.

ट्रकखालून कमलाकांतचे नुसते पाय दिसत होते. पायांनी उत्तर दिलं, "हलेल की. आपल्या पायानं हलेल."

"तुझ्या का तिच्या?"

"तिच्या, आई!"

माकुणसारच्या चुरींच्या अंगणात ही गाडी चिंचेखाली उभी होती ती पोरांचे वडील, तात्या, गेले त्याच्याही आधीपासून. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात तात्यांनी ती घेतली होती. तिच्यातून त्यांनी गवताच्या गासड्या आणि केळीचे घड सफाळ्याच्या स्टेशनावर पोचवले, लग्नांची वऱ्हाडं नेली, एकदा तर एडवणची जत्रा अर्धी नेली आणि अर्धी आणली. मग एका पावसाळ्यात ती मोरीवर आपटली. चेसीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, डावी बाजू आत दबली, पुढचं आडवं लोखंड तडकलं आणि त्याच्यावर बसणारा रेडिएटर फाटून लोंबायला लागला. दुरुस्त करू, करू म्हणता म्हणता तात्याच तापाने गेले.

तेव्हापासून थोरल्या दामूच्या मते ती गाडी भंगार होती आणि धाकट्या कमलाकांतच्या मते ती आजारी होती, आणि त्यावरून दोघांचं थेट बोलणं तुटलं होतं. वाडीतली केळी दामू बैलगाडीतून नेत होता. जाता-येता चिंचेखाली बघून तो थुंकायचा. कमलाकांतच्या डोक्यात मात्र तारापूर होतं. तिथे अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं, दगड आणि रेती वाहायला गाड्या कमी पडत होत्या. "आपली गाडी लागली तर मी इथेच राहीन," तो गेल्या महिन्यात जेवताना म्हणाला होता, "नायतर मी चाललो मुंबईला. मामा मिलमध्ये चिकटवणार हाय."

त्या रात्री कोणी ताटातला भात संपवला नव्हता. शेवटी रखमाबाईंनीच निकाल दिला. लेकीला, सुलूला, बघायला पाहुणे रविवारी येणार. शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालली तर राहील. नाही चालली तर बोईसरचा भंगारवाला घेऊन जाईल. दामू स्वतः बोईसरला जाऊन त्याला सांगूनही आला.

आज शनिवार उजाडला होता.

"दादाला विचारा," ट्रकखालचे पाय म्हणाले, "जॅकचा दांडा कुठं ठेवला?"

दामू ओट्यावर बसून विड्याला चुना लावत होता. "त्याला सांगा, मी जॅक खात नाय."

"मंदा, तुझ्या नवऱ्याला जरा समजाव," रखमाबाई सुनेला म्हणाल्या.

मंदा आतापर्यंत नवऱ्याच्याच बाजूने होती. तिलाही अंगण मोकळं हवं होतं. पण आज सकाळी पाणी भरताना दामूने तिला सहज सांगितलं होतं की गाडी गेली की त्या जागेवर गोठा वाढवायचा, आणखी दोन म्हशी आणायच्या.

"समजावते," मंदा म्हणाली. पदर खोचून ती चिंचेकडे निघाली आणि ट्रकखाली वाकून बघायला लागली. "भावजी, काय काय करायचं ते मला सांगा. मी करते."

दामूच्या हातातलं पान खाली पडलं. "अगं, तू कोणाची?"

"गाडी शेण टाकत नाय," मंदा म्हणाली. "मी तिची."

*

चिंधू लोहार सफाळ्याहून आला तो बैलगाडीत भट्टी, भाता, घण आणि एक पोतं घेऊन. रेल्वेच्या पुलांवर रिबिटं ठोकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती आणि त्याबरोबर दोन्ही कानही. तो स्वतः मात्र अख्ख्या गावाला बहिरं समजून बोलायचा.

"मी ठोकलेलं रिबिट," त्याने अंगणात पाय ठेवताच जाहीर केलं, "मी मेल्यावर पण निघणार नाय! कुठंय ती?"

"ही काय समोर!" कमलाकांत ओरडला.

"काय?"

"समोर!"

"दुपारी? दुपारी कशाला, आत्ताच करू!"

काम तसं सरळ होतं. आत दबलेली डावी बाजू कमलाकांतने जॅक आणि साखळी लावून महिनाभरात कणाकणाने बाहेर काढली होती. रेडिएटर पालघरला नेऊन डाग देऊन आणला होता. तडकलेलं आडवं लोखंड कापून काढलं होतं आणि त्या मापाचं नवं तयार होतं. आता ते चेसीच्या दोन्ही बाजूंना रिबिटांनी जोडायचं. लाल तापलेलं रिबिट भोकात घालायचं, एकाने मागून लोखंडाचा जड ठोकळा त्याच्या डोक्याला लावून धरायचा, आणि पुढून चिंधूने ते थंड व्हायच्या आत घणाने ठोकून बसवायचं. जुळलं की त्या आडव्यावर रेडिएटर बसेल, रेडिएटर बसला की पाणी, पाणी भरलं की हँडल.

अडचण माणसांची होती. चिंधूचा जावई त्याच्या हाताखाली असायचा, तो आला नव्हता.

"भाता कोण मारणार?" चिंधूने विचारलं.

मंदाने हात वर केला.

"चिमट्यानं रिबिट कोण देणार?"

"मी देते," सुलू म्हणाली.

रखमाबाई मध्ये पडल्या. "सुले, उद्या तुला बघायला येणार! हाताला फोड आले तर?"

"उद्या येणार ना? आज कोण बघतंय!" सुलूने जुनेराचा काष्टा घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि चिमटा उचलला. बावीस वर्षांच्या सुलूला आजपर्यंत तीन घरांनी बघितलं होतं. शेवटच्यांनी तिला अंगणात चालून दाखवायला सांगितलं होतं. आज तिला चालायला कोणी सांगत नव्हतं. सगळे पळायला सांगत होते.

"ठोकळा धरायला आणखी एक माणूस पायजे!" चिंधू गरजला. "हा कमळाकांत साखळी सांभाळणार. माणूस बोलवा! तगडा!"

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. दामूने नवं पान उघडलं.

"शेजारनं कोणाला तरी बोलावते," रखमाबाई म्हणाल्या आणि कुंपणाकडे जाऊन हाका मारायला लागल्या.

*

जमनाबाईंचं एक मत होतं. घर बघायचं तर ते झाडून ठेवलेलं नसताना बघावं. थोरल्या मुलाच्या वेळी त्या सांगितल्या दिवशी गेल्या होत्या. चकचकीत घर बघून आल्या आणि नंतर बारा वर्षं पस्तावल्या. म्हणून धाकट्या हरेश्वरच्या वेळी त्यांनी चिंचणीहून एक दिवस आधीच निघायचं ठरवलं.

"आई, हे बरं दिसत नाय," हरेश्वर सफाळ्याच्या स्टेशनावरून येताना टांग्यात तिसऱ्यांदा म्हणाला. तारापूरच्या प्रकल्पावर तो नकाशे काढायच्या खात्यात होता. शनिवारची अर्धी सुट्टी, अंगात नवा टेरिलीनचा पांढरा शर्ट. "आपण वार चुकलो म्हणून सांगायचं?"

"तू काय पण सांगू नको. तू नुसता बस."

टांगा चुरींच्या कुंपणापाशी थांबला. जमनाबाईंनी आत पाहिलं आणि त्यांना प्रथम वाटलं, घराला आग लागली.

चिंचेखाली धूर होता. एक बाई भाता मारत होती. एक म्हातारा डोक्यावर घण घेऊन उभा होता. पुढचं तोंड उपटून काढलेला राक्षसासारखा एक ट्रक आ वासून बसला होता. आणि धुरातून एक मुलगी धावत त्यांच्याच दिशेने आली. तोंड काळं, कमरेला काष्टा, हातात चिमटा, चिमट्यात लालबुंद निखाऱ्यासारखं काहीतरी.

"बाजूला व्हा!" ती मुलगी ओरडली.

होणाऱ्या सुनेचा हा पहिला शब्द. जमनाबाई बाजूला झाल्या.

"आला काय!" चिंधूने हरेश्वरला बघताच आरोळी दिली. "किती उशीर! ये, ये, वाक, धर!"

"मी? मी पाहुणा..."

"काय?"

"पाहुणा!"

"हा, हाच ठोकळा! धर, थंड होतंय!"

रिबिट भोकात गेलं होतं. त्याचा लाल रंग डोळ्यांदेखत उतरत होता. त्या क्षणी जे कोणी माणूस असेल त्याने वाकलंच पाहिजे होतं, आणि हरेश्वर माणूस होता. तो गुडघ्यावर बसला. सुलूने ठोकळा त्याच्या हातात कोंबला. "डोक्याला लावा, पूर्ण जोर द्या, हलू नका!"

घण पडला. हरेश्वरचे दात वाजले. दुसरा पडला, तिसरा पडला, ठिणग्या उडाल्या, आणि टेरिलीनच्या शर्टाला खिशाजवळ एक गोल भोक पडलं.

"शाबास!" चिंधू म्हणाला. "नाव काय तुझं?"

"हरेश्वर!"

"काय?"

"हरेश्वर!" आता सुलू आणि मंदाही एकदम ओरडल्या. आणि नाव तोंडातून बाहेर पडल्यावर दोघी जिथल्या तिथे थिजल्या. उद्याच्या मुलाचं नाव हेच होतं.

कुंपणाकडून रखमाबाई परत येत होत्या. त्यांनी जमनाबाईंना पाहिलं, ट्रकजवळ गुडघ्यावर बसलेल्या पांढऱ्या शर्टाच्या मुलाला पाहिलं, काष्टा घातलेल्या आपल्या लेकीला पाहिलं.

"जमनाबाई! तुमी तर... उद्या ना?"

"वार चुकला," जमनाबाई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"मंदा! चहा! पोहे! अगं, धाव!"

"पण भाता?" मंदा म्हणाली.

"दुसरं लाल झालं काय?" चिंधूने विचारलं.

कोणी हलेना. भट्टीतला जाळ बसायला लागला. सुलू चिमटा घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. कुठल्या गोष्टीसाठी ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"माझ्या बापाचं कौलांचं काम होतं, केळव्याला," जमनाबाई अचानक म्हणाल्या. "भट्टी विझलेली मला बघवत नाय." त्यांनी हातातली पिशवी रखमाबाईंकडे दिली, नऊवारीचा घोळ आवरला आणि भात्याजवळ जाऊन बसल्या. "जा ग पोरी, तू चहा टाक. साखर बेताची घाल."

*

उजव्या बाजूची रिबिटं बसली. डाव्या बाजूला सगळं अडलं.

चेसी हट्टी होती. महिनाभर ओढून सरळ केलेली बाजू घणाच्या दणक्यांनी परत आत सरकली होती. आडव्याचं भोक आणि चेसीचं भोक समोरासमोर येईना. कमलाकांतने साखळी आवळली. थोडं सरकलं. मग त्याने नारळाचं लांब खोड चेसीच्या आत अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळला. खोड जरासं वाकलं, चेसी जरा कुरकुरली, पण भोक जुळलं नाही. कमलाकांत हाडकुळा होता. तो खोडावर एखादं वटवाघूळ लोंबावं तसा नुसता झुलत राहिला.

"वजन कमी पडतं!" चिंधू म्हणाला.

जमनाबाई भाता मारता मारता ओट्याकडे बघत होत्या. घरातलं भांडण त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की एक धष्टपुष्ट माणूस इतका वेळ पान खात बसलाय.

"काय हो," त्यांनी हाक मारली, "तुमी थोरले ना? तब्येत एवढी चांगली देवानं दिली, मग बसलात काय? जा की, बसा त्या खोडावर!"

कमलाकांतने लोंबकळतच डोळे मिटून घेतले. रखमाबाई पोह्यांची परात धरून दारातच उभ्या राहिल्या.

दामूच्या तोंडात उत्तर तयार होतं. पण ते मुलाच्या आईला देता येण्यासारखं नव्हतं. तो उठला. धोतर वर घेतलं, पान थुंकलं, भावाकडे न बघता खोडाच्या टोकापाशी गेला आणि त्याच्यावर बसला.

करकर करत खोड वाकलं. चेसी हळूहळू, म्हातारं माणूस झोपेत कूस बदलतं तशी, बाहेर सरकली.

"थांब! थांब! दादा, थोडा मागं!" कमलाकांत ओरडला.

"किती?"

"बोटभर!"

"आता?"

"जुळलं! जुळलं! हलू नको!"

दोन वर्षांत दोघे एकमेकांशी थेट बोलले ते हे पहिलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. रखमाबाईंच्या आलं. त्या परात घेऊन आत गेल्या, चुलीपाशी उगाच फुंकर घालत बसल्या आणि मग डोळे पुसून परत आल्या.

नेमकं त्याच वेळी बोईसरचा भंगारवाला आला. बरोबर दोन मजूर आणि मोठा तराजू.

"दामूशेट! अरे, ये क्या? उतरो नीचे, तौल करू या."

दामू खोडावरून म्हणाला, "उतरता येत नाय."

"काय झालं? पाय अडकला?"

"उतरलो तर भोक सरकेल."

भंगारवाल्याने ट्रककडे बघितलं, धुराकडे बघितलं, भाता मारणाऱ्या बाईकडे बघितलं. "मगर तुम बोला था, शनिवारको लेके जाओ. मी गाडी केली, माणसं आणली."

"हां, बोला था," दामू म्हणाला. खाली सुलू रिबिट घेऊन धावली, हरेश्वर ठोकळा घेऊन वाकला, घण पडला. दणका खोडातून दामूच्या अंगात घुसला आणि तो अख्खा हादरला. दुसरा दणका. तिसरा. त्याला हसू यायला लागलं. लहानपणी तात्या त्याला गासड्यांच्या थप्पीवर बसवून गाडी खड्ड्यांतून न्यायचे, तेव्हा पोटात अशाच गुदगुल्या व्हायच्या. हे त्याला किती वर्षांनी आठवलं! हसू दाबावं म्हणून त्याने गाल चावला, तर ते नाकातून बाहेर आलं.

"दादा, हलू नको!" कमलाकांत किंचाळला.

"मी नाय हलत रे, हसू हलतंय!"

"दामूशेट," भंगारवाला वैतागून म्हणाला, "देणार की नाय?"

"ही चेसी माझ्या वजनावर उभी हाय," दामू म्हणाला. "मी उतरत नाय आणि ती जात नाय. ते तुटकं आडवं पडलंय बघ कुंपणाशी, ते घेऊन जा. फुकट. आणि चहा घेऊन जा."

कमलाकांत साखळी धरून उभा होता. त्याने मान वर करून भावाकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी त्याच्याही तोंडातून हसूच फुटलं. मग ते मंदाला लागलं, जमनाबाईंना लागलं. चिंधूला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतात तर विनोद चांगलाच असणार, म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने हसला. भंगारवाल्याचे मजूर तराजू खाली ठेवून पोहे खायला बसले.

*

रेडिएटर बसवताना सुलू आणि हरेश्वर समोरासमोर आले. मध्ये रेडिएटर.

नव्या आडव्यावर सुलूने जुन्या टायरचे कापलेले तुकडे ठेवले, त्यांच्यावर रेडिएटर टेकवला, बोल्ट घातले. हरेश्वर पान्याने आवळायला लागला.

"बस!" ती म्हणाली. "आणखी नको."

"हलतोय की."

"हलायलाच पायजे थोडा. खड्ड्यात चेसी पिळते. हा तिला घट्ट बांधला तर तिच्याबरोबर पिळेल आणि परत फाटेल. तात्या सांगायचे."

हरेश्वरने पाना खाली ठेवला. "आमच्याकडे प्रकल्पावर सगळं घट्टच आवळायला सांगतात."

"तुमची इमारत रस्त्यावर धावते काय?"

तो हसला. तोंड काळं झाल्यामुळे त्याचे नुसते दात दिसले. सुलूला एकदम आठवलं की आपण पाहुण्यांशी बोलतोय, मान खाली घालायची असते. पण खाली बोल्ट होते, ते बघून झाले होते. तिने मान वरच ठेवली.

पाणी भरलं. गळलं नाही. सगळ्यांनी वाकून बघितलं, परत गळलं नाही. कमलाकांतने हँडल मारलं. गाडी खोकली. परत मारलं. शिंकली. मग दामूने त्याला बाजूला केलं, हाताला थुंकी लावली आणि एकच असा झटका दिला की अख्खी गाडी थरथरली आणि चिंचेवरचे बगळे उडाले. गाडी सुरू झाली. आवाज इतका मोठा होता की तो चिंधूलाही ऐकू आला. "कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

संध्याकाळच्या आगगाडीची वेळ होत आली होती आणि टांगा केव्हाच निघून गेला होता. "आमी सोडतो ना स्टेशनावर!" रखमाबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

चिंधू आपल्या बैलगाडीतून निघाला, बाकी सगळेच ट्रकमध्ये चढले. जमनाबाईंना पुढे कमलाकांतशेजारी बसवलं. बाकीचे मागे, रिकाम्या पोत्यांवर. माकुणसारची माणसं दारांत येऊन बघायला लागली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी विचारलं लग्न कोणाचं. दामूने टपावर थाप मारून सांगितलं, "गाडीचं!"

खाडीवरून वारा येत होता. मिठागरांवर तिरकं ऊन पडलं होतं. प्रत्येक खड्ड्यात सगळे एकमेकांवर पडत होते आणि उठून हसत होते. मंदा दामूला म्हणाली, "म्हशींचं काय मग?" दामू म्हणाला, "कसल्या म्हशी?"

सफाळ्याला स्टेशनाबाहेर कमलाकांतने गाडी बंद केली आणि बॉनेट उघडून रेडिएटर चाचपला. जमनाबाई उतरल्या, साडी झटकली, रखमाबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि गंभीर झाल्या.

"रखमाबाई, खरं सांगते. मी वार चुकले नव्हते. तुमचं घर न सांगता बघायचं होतं. ते बघितलं. मुलगी उद्या रीतसर बघायला येऊ. तुमच्या मनात राग असेल तर सांगा."

रखमाबाई पदर सावरत पुढे झाल्या. तेवढ्यात हरेश्वर मागून म्हणाला, "आई, मी बघितली."

दूरवर गाडीची शिटी ऐकू आली. मंदाने सुलूच्या दंडाला चिमटा काढला, बोलू नको म्हणून. पण सुलूचा दिवसच असा गेला होता की चिमट्याने काही व्हायचं नव्हतं.

"मी नाय बघितलं अजून," सुलू म्हणाली. "नीट दिसलंच नाय. उद्या तोंड धुऊन या."

दामूने "सुले!" म्हटलं. रखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. हरेश्वरने स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं, ते काळं झालेलं बघितलं, आणि मान डोलावली. जमनाबाई क्षणभर लेकाकडे बघत राहिल्या, मग मुलीकडे, आणि मग त्यांना असं हसू आलं की लेकाला त्यांचा हात धरून प्लॅटफॉर्मवर न्यावं लागलं. डब्याच्या दारातून त्या ओरडल्या, "साबण लावून आणते! विहीणबाई, साबण लावून आणते!"

आगगाडी गेली. चुरी मंडळी रस्त्यात एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"विहीणबाई म्हणाल्या," मंदा हळूच म्हणाली.

"ऐकलं मी," रखमाबाई म्हणाल्या. "अगं बाई, आणि पोहे तर सगळे त्या भंगारवाल्याच्या माणसांनी खाल्ले! चला, चला घरी. अंगण झाडायचं, भट्टीची राख काढायची, कमळाकांत, चालू कर!"

कमलाकांत गाडीभोवती एक फेरी मारून आला. "हँडल घरी राहिलं."

कोणी रागावलंही नाही. दामूने बाह्या सरसावल्या. "ढकला. सुलू, तू आत चाकावर बस, ढकलायला तुझा काय उपयोग नाय. दुसरा गिअर टाकून देतो. डाव्या पायानं क्लच दाबून ठेव, मी ओरडलो की सोड."

दामू, कमलाकांत, मंदा, पदर खोचलेल्या रखमाबाई आणि स्टेशनावरचे दोन हमाल गाडीला भिडले. चाकं हलली. रस्त्याला थोडा उतार होता. "सोड!" दामू ओरडला. सुलूने पाय सोडला. गाडीने एक उडी मारली, घसा खाकरला आणि ती चालायला लागली.

आणि चालतच राहिली.

"थांबव ग!" मागून आवाज आला. सगळे धावत होते. "सुले! ब्रेक! मधला, मधला!"

ब्रेक कुठे असतो हे सुलूला चांगलं ठाऊक होतं. तात्यांच्या शेजारी बसून तिने तो किती वेळा दाबला जाताना बघितला होता. चाक हातात थरथरत होतं, पुढे रेडिएटर आपल्या जागी हलकाच डोलत होता, रस्ता सरळ होता आणि त्याच्यावर कोणी नव्हतं. आरशात दिसत होतं, कमलाकांत सगळ्यांत पुढे, त्याच्यामागे धोतर धरलेला दादा, आणि आई, तिची आई, रस्त्याच्या मधोमध धावत होती आणि धावता धावता हसत होती.

त्या पुढच्या पिंपळापाशी थांबू, सुलूने ठरवलं.

पिंपळ आला. तिने तो जाऊ दिला.